भुतांनाही घरचं मानणारे हेमराज गुरुजी

हेमराज गुरुजींची माझी ओळख फाटक्या पुस्तकांमुळे झाली. गोंदियात माझं पुस्तकबांधणीचं छोटं दुकान आहे. शाळा माझी लवकर सुटली. पुढचं शिक्षण बांधायला आलेल्या पुस्तकांनीच केलं. एके दिवशी गुरुजी त्यांच्या गावाहून, दवनीवाड्याहून, एसटीने आले आणि त्यांनी स्वतः लिहिलेली पुस्तकं समोर ठेवली. किशोरवयीन मुलांच्या रहस्यकथा, पानोपानी भूतं, आणि कोपरे वाचून वाचून मऊ झालेले.

मी म्हटलं, "गुरुजी, पोरांना कायले भेवडवता जी?"

"भ्यायलाच येतात ती," गुरुजी हसले. "त्यांचं काही बिघडू नये, तेवढी जबाबदारी माझी."

ती जबाबदारी त्यांनी कशी निभावली, हे त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त सांगावंसं वाटतं.

नवं प्रकरण छापायला देण्याआधी गावच्या वाचनालयात मुलांना वाचून दाखवायचं, ही त्यांची पद्धत. मुलांनी चोर आधीच ओळखला, तर गुरुजी खुशाल पानं फाडतात. एका कादंबरीत त्यांनी तळ्याकाठी दिवा घेऊन पाण्याशी बोलणारी, दात पडलेली म्हातारी घातली. वाचकांचा संशय तिच्यावर जावा, एवढाच हेतू. गुन्हेगार दुसराच निघणार होता. पण मुलं शेवटापर्यंत कुठली थांबतात! गावच्या तळ्यातले शिंगाडे उकडून शाळेसमोर विकणाऱ्या भागरथाबाई खरोखरच तिन्हीसांजेला पाण्याशी बोलत. मुलं त्यांच्या टोपलीकडे फिरकेनाशी झाली. मग मोठी माणसंही जादूटोण्याचं कुजबुजू लागली. हा शब्द एकदा चिकटला, की एकट्या बाईला गावात राहणं कठीण होतं.

गुरुजींना हे कळलं, तेव्हा ते जेवणावरून उठले. पुढच्या वाचनाला मीही गेलो होतो. गुरुजींनी भागरथाबाईंना स्वतः जाऊन आणलं, आपल्या खुर्चीवर बसवलं आणि मुलांदेखत हात जोडले. "बाई, तुम्हाला न विचारता मी तुम्हाला गोष्टीत ओढलं. चूक माझी आहे."

"चेटकीण बनवली त बनवली, मास्तर," भागरथाबाई म्हणाल्या. "पण दात कायले पाडले माह्ये? अजून शिंगाडा फोडते मी!"

कोणी हसलं नाही. एका मुलीने धीर करून विचारलं, "आजी, मंग पाण्यात कोणासंगं बोलून राहतेस?"

"माह्या बुढ्यासंगं. मासे धरता धरता तिथंच गेला तो."

"बोलते का तो?"

"जिता होता तेव्हा तरी कुठं बोलत होता!"

आधी गुरुजी हसले की मुलं, मला आठवत नाही. मुलं त्याच दिवशी टोपलीभोवती जमली. मोठ्यांना वेळ लागला. गुरुजी कितीतरी दिवस संध्याकाळी शाळेसमोर, भागरथाबाईंच्या शेजारी बसून शिंगाडे खात. "गुरुजी, पोट बिघडंल," मी म्हणे. "बिघडू द्या. लोकांनी पाहिलं पाहिजे." लोकांनी पाहिलं. कुजबूज हळूहळू विरली, आणि भागरथाबाई गावातच राहिल्या.

कादंबरीतून ती म्हातारी गुरुजींनी काढून टाकली. त्यानंतरच्या त्यांच्या पुस्तकांत भुताची वाट पाहणारं माणूस आधी भेटतं, भूत मागून येतं.

माझी पत्नी गेली, त्या वर्षी गुरुजी दुकानात येऊन नुसते बसत. एकदा उठता उठता म्हणाले, "बोला तिच्याशी. कोणी ऐकलंच, तर माझं नाव सांगा." मी बोलू लागलो. फुलचूरच्या माझ्या शेजाऱ्यांना आता त्याची सवय झाली आहे.

हल्ली वाचनाला भागरथाबाई मुलांमध्ये बसतात. परवा गुरुजींनी एका नव्या, लहानशा भुताचं प्रकरण वाचलं. मुलं श्वास रोखून ऐकत होती. भागरथाबाईंनी मध्येच विचारलं, "मास्तर, पण याची माय कुठं आहे?"

गुरुजींनी चष्मा काढला, कागदाकडे पाहिलं. "खरंच जी," ते म्हणाले, "ते लिहायचं राहिलंच."

असं पुष्कळ काही त्यांचं लिहायचं राहिलं आहे. त्यासाठी गुरुजींचे डोळे, गुडघे आणि तो खणखणीत आवाज शंभरीपर्यंत शाबूत राहोत, हेच आम्हा सर्वांचं मागणं.