गेटावरची हलगी

"हलगी आणली का?"

पाळकीणबाईंचा, म्हंजी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोचा, पहिला शब्द हाच. सलाम न्हाई, पाणी न्हाई.

आमी दोघं आन दोन लेकरं सकाळच्या जीपनं सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावाहून जिल्ह्याच्या गावी आलो व्हतो. मंडळीचं, म्हंजी चर्चचं, वार्षिक संमेलन व्हतं. ह्यांनी पांढरा शर्ट घातला व्हता, बगलेत बायबल. मांडवात त्या दिवशी ह्यांची साक्ष व्हती. प्रभूनं आपल्याला कसं बोलावलं, ते सांगायचं व्हतं. आठवडाभर हे पोरीला समोर बसवून बोलून बघत व्हते.

"माझी साक्ष हाय ना आज?" ह्यांनी हळूच विचारलं.

बाई हसल्या. "साक्ष वेळ उरला तर बघू. पुण्याहून पाहुणे येतायत. गेटवर वाजवायला कुणी नको का? तुमच्या तर रक्तातच आहे ते." मग माझ्याकडं वळल्या. "आणि तू मागं जा. भांडी पडलीत."

ह्यांना तुमी. मला तू.

कुणीतरी भाड्यानं आणलेली हलगी ह्यांच्या गळ्यात अडकवली. हे गेटाकडं वळले. मीबी मागं गेले. त्या क्षणाला सवयीनंच पाय चालले.

आमचं मूळ गाव वारंगा फाट्याकडं. मांगवाड्यातलं घर. सासरे वरातीपुढं हलगी वाजवायचे, अनवाणी, डोक्यावर ऊन. एका लग्नात दमून पाराच्या कट्ट्यावर टेकले, तर नवरदेवाच्या चुलत्यानं पायातला बूट काढून तोंडावर मारला. "वाजवायला बोलावलं, बसायला न्हाई." सासरे उठले आणि वाजवत राहिले. ह्यांनी ते डोळ्यानं पाहिलं.

पुढं आमच्या लग्नानंतर एक म्हातारे प्रचारक सायकलवर आमच्या वाड्यात यायला लागले. ते चुलीपाशी मांडी घालून बसले आणि माझ्या हातची भाकर खाल्ली. त्याआधी बाहेरचं कुणी माणूस आमच्या घरात जेवलेलं मी पाहिलंच नव्हतं. ते म्हणाले, "देव तुमच्या दारात उभा न्हाई राहत बाई, आत येऊन बसतो." ते ऐकून मी रडले. त्याच वर्षी ह्यांनी गावाला सांगितलं, आता वाजवणार न्हाई. गावानं आमाला काम देणं बंद केलं. हातपंपावर माझी घागर लाथेनं पाडली. आमी माघार घेतली न्हाई. उलट लेकरं घेऊन बायबल शाळेत गेलो. ह्यांच्यासंगं मीबी शिकले. मग ह्यांची मंडळीचा सेवक म्हणून दीक्षा झाली आणि आमाला सेनगाव तालुक्यात सेवेला धाडलं. दीक्षा एकट्याची, पण सेवा साऱ्या घराची. पोरगी गाणी शिकवायची. पोरगा घरोघर बोलावणं करायचा. तांड्यावरच्या बायांना घेऊन मी दवाखान्याला जायचे.

इतकं करून मी त्या दिवशी मांडवामागं बसून सैपाकाची मोठी डेग घासत व्हते. आणि हलगी वाजली.

ह्यांचं वाजवणं ऐकून इतकी वर्सं झाली व्हती, की कधी ऐकलंच नव्हतं म्हणा. पोरगी पळत आली. "मम्मी, पप्पा काहून रडून राहिले?"

राखेच्या हातानंच मी गेटाकडं गेले. पाहुणे मोबाईल धरून उभे. पाळकसाहेब ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगत व्हते, "हे आमचे मांगवाड्यातले बंधू. बघा, प्रभूनं कुठून कुठं आणलं!"

प्रभूनं आणलं व्हतं. पाळकसाहेबांनी परत तिथंच नेऊन उभं केलं.

"थांबवा," मी म्हणाले. ह्यांचा हात थांबला. "साहेब, हे वाजवणार न्हाईत."

साहेब गोड आवाजात बोलले, "ताई, प्रभूच्या घरात कुठलीच सेवा हलकी नसते."

"मंग तुमी घाला गळ्यात."

साहेबांनी ह्यांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. बाई मागून बोलल्या, "शेवटी जात गेली नाहीच ना तुमची."

"आमची गेली व्हती बाई. तुमी राखून ठेवली."

ह्यांनी हलगी गळ्यातून काढून खाली ठेवली. डोळे पुसले न्हाईत. म्हणाले, "आज माझी साक्ष व्हती. ती इथंच देतो." आणि बापाच्या तोंडावर बसलेल्या बुटापास्नं सुरू केलं. पाहुण्यांचे मोबाईल खाली गेले. साहेबांनी स्पीकरवर भजन मोठं करायला लावलं. हे त्याच्या वर आवाज काढून बोलत राहिले. भांड्यावरच्या बाया हात तसेच ओले ठेवून माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. साक्ष झाली, आमी लेकरांना घेऊन निघालो. जेवलो न्हाई.

मग मंडळीकडून निरोप आला. नम्रता शिका, माफी मागा, तर सेवेत ठेवू. ह्यांचं मन जरा ढिलं पडलं. "मागून टाकू का? लेकरं उघड्यावर येतील."

मी म्हणाले, "मागा. पण कशाची मागितली, ते पोरीला तुमी सांगा. मी सांगणार न्हाई."

ह्यांनी माफी मागितली न्हाई. मंडळीनं दिलेली खोली सोडावी लागली. तकलीफ झाली. हे आता सेनगावच्या रस्त्यावर दुसऱ्याची जीप चालवतात. मी खुरपायला जाते. राहायला पत्र्याचं घर हाय आणि येतील त्यांच्यासंगं उपासना तिथंच व्हते. एका रविवारी हे वचन सांगतात, एका रविवारी मी. बाईमाणसानं सांगावं का, असं विचारायला आता वर कुणी बसलेलं न्हाई.

परवा पाळकसाहेबांचा फोन आला. "झालं गेलं विसरा. यंदा संमेलनाला या. मोठ्या मनानं या."

मी म्हणाले, "साहेब, बोलावणं आमाला आधीच आलंय. ते तुमी दिलं नव्हतं, म्हणून तुमाला काढूनबी घेता येत न्हाई. तुमीच या आमच्याकडं. दर रविवारी दार उघडं असतं. खुर्ची एकबी न्हाई. सगळे सतरंजीवर बसतात, एकाच भाकरीतला तुकडा मोडतात. तुमी आले तर तुमाला मीच मोडून देईन. माझ्या हातचा घ्यावा लागंल."

मी फोन ठेवला आणि कामाला गेले.