भोकाच्या कार्डांचा वानोळा

दौलतरावांचा देवमन कैरीचं लोणचं खात नाही, हे कामरगावात सगळ्यांना माहीत आहे. कोणी म्हणतं त्याला पित्त आहे, कोणी म्हणतं अकोल्याला राहून नखरे शिकला. पंगतीत लोणचं घेऊन बाई त्याच्या पानाशी आली की असा हात आडवा धरतो, जणू विंचूच वाढायला आणलाय. खरं कारण मला ठाऊक आहे. आणि एखादी गोष्ट मला ठाऊक आहे म्हटल्यावर ती पोटात किती दिवस राहणार?

आमच्या बौद्धपुऱ्यात शर्टाच्या खिशाला पेन लावून हिंडणारा पहिला माणूस हा देवमन. अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत पीकपाण्याचे आकडे मांडायला कंप्युटर आला आणि तो चालवायला देवमन लागला. मशीन नवं नव्हतं, कोणाचं तरी वापरून झालेलं होतं, पण देवमनची चाल मात्र त्या दिवसापासून नवीन झाली. बेलबॉटम इतकी रुंद, की रस्ता झाडायला वेगळा माणूस नको.

त्यानंच एकदा आम्हाला पारावर बसून समजावलं होतं. त्या मशीनला मराठी कळत नाही आणि इंग्रजीही कळत नाही. माणसानं लिहिलेलं त्याच्या बोलीत करून द्यायला एक दुभाषी लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. हा दुभाषी हाडामांसाचा नसतो. जाड कागदाची लांबुळकी कार्डं, प्रत्येक कार्डाला भोकंच भोकं, आणि अशा कार्डांनी भरलेली एक पेटी. सगळी कार्डं ओळीनं मशीनला चारली की मशीन शहाणं होतं. एकात गडबड झाली की आडमुठ्या बैलासारखं जागीच बसतं.

तर हा दुभाषी नागपूरहून आणायचा होता. त्यासाठी देवमन गेला आणि त्याच्यासोबत गोविंदसिंग गेला. हा मंगरूळपीरकडच्या तांड्यावरचा, कचेरीत रोजंदारीवर. पोराची जात कष्टाची, बोलणं कमी. अकोल्यात दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच तव्यावरची भाकर खायचे. नागपूरच्या मशीनवर गोविंदसिंगनं एकेक कार्डाची नक्कल काढली, पाहून घेतली, पेटीत रचली आणि थप्पीच्या डोक्यावर पेन्सिलीनं एक तिरपी रेघ ओढली. कार्डं मागंपुढं झाली तर रेघ तुटते आणि लगेच समजतं. मग तो बाकीचं सामान घेऊन ट्रकात बसला आणि पेटी देवमनच्या मांडीवर आली. साहेबांनी बजावलं होतं, पेटी सरळ अकोल्याला आणायची.

आता तुम्हीच सांगा, जयंती तोंडावर आलेली, सगळा पुरा निळ्या पताकांनी सजलेला आणि मांडीवर नागपूरची पेटी. अमरावतीच्या स्टँडवर देवमन अकोल्याच्या गाडीत चढेल की कामरगावच्या?

घरी आला, पेटी उघडून आईला दाखवली आणि विहाराकडे मिरवायला निघून गेला. आई म्हणजे भागिरथा. तिच्या घरात शेतातलं पहिलं वांगं आलं, पहिली शेंग आली, की चार घरी वानोळा गेलाच पाहिजे. वानोळा न पाठवता खाल्लेलं तिच्या अंगी लागत नसे. पोरानं परमुलखातून पेटीभर वस्तू आणली आणि गल्लीला काहीच नाही? तिनं वरची कार्डं ओंजळीत घेतली आणि घरोघरी एकेक देऊन आली. "आमच्या देवमननं आनलं, मशीनचं हाय, ठेवजा."

देवमन परतला तेव्हा शेजारची बेबीताई त्यातल्याच एका कार्डानं वारा घेत बसली होती. त्याचा चेहरा असा उतरला, की बेबीताईच घाबरली.

"काहून रे, उष्टं झालं का?"

मग हा पेनवाला साहेब दारोदार फिरला. "मावशी, ते कार्ड द्या. काकू, ते कार्ड." आम्ही मागून हसतोय. उकंडरावनं तर विचारलं, "काऊन बे, दिलेला वानोळा परत नेऊन राह्यला? तुया बापानं असं कदी केलं नाई!" सगळी कार्डं मिळाली. पंचफुलेचं तेवढं शेवटी मिळालं. पंचफुला म्हणजे देवमनची वहिनी, रांगोळीत तिचा हात धरणारं पुऱ्यात कोणी नाही. तिनं कार्ड पुसून, हसून परत दिलं. देवमननं पेन्सिलीची रेघ जुळवली, रेघ अखंड आली, त्याचा जीव भांड्यात पडला.

अकोल्यात साहेबांसमोर कार्डं मशीनमध्ये घातली. खटखट खटखट, आणि मशीन थांबलं. देवमननंच अडकलेलं कार्ड बाहेर काढलं. मशीनची भोकं चौकोनी असतात, आणि या कार्डावर खालच्या अंगाला काही गोल भोकं होती. त्यांच्या कडांना पांढरी भुकटी लागलेली. रांगोळीची.

"काय आहे?" लांबून साहेबांनी विचारलं.

"जास्तीची भोकं आहेत, साहेब."

"नक्कल कोणी काढली होती?"

"गोविंदसिंगनं."

बघा, एक शब्द खोटा नाही. कार्ड मात्र साहेबांच्या हाती न जाता देवमनच्या खिशात गेलं, पेनाच्या मागे. नवीन कार्ड नागपूरहून येईपर्यंत काम खोळंबलं, साहेबांना वरून बोलणी बसली आणि गोविंदसिंगला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. खोलीतलं आपलं गाठोडं बांधताना तो देवमनला एवढंच म्हणाला, "म्या तं एकेक कार्ड पाह्यलं होतं, भाऊ. कसं काय झालं असन?" देवमन स्टोव्हला पंप मारत राहिला. स्टोव्ह केव्हाच पेटला होता.

पुढच्या सुटीला देवमन घरी आला तर बोलणं नाही, मिरवणं नाही. भागिरथेला वाटलं, पोरीचं काही प्रकरण आहे. मलाही तेच वाटलं होतं, आणि मी दोनचार नावंही सुचवली होती. तेवढ्यात दारात गोविंदसिंग उभा. पाठीवर कैऱ्यांची पिशवी.

"माय, आमच्या तांड्यावरच्या हायेत. वानोळा आनला तुमाले."

भागिरथा हरखली. चहा टाकला. गोविंदसिंग खालमानेनं देवमनला म्हणाला, "साहेबाजवळ माह्यासाठी एक शब्द टाकशीन का? तुयं आयकतेत थे. माह्या हातून कार्ड बिघडलं म्हनतेत. मले अजूनबी समजून नाई राह्यलं."

"कोन्ते कार्ड बापू?" भागिरथा चहा गाळता गाळता म्हणाली. "थे भोकाभोकाचे? अरे, थे तं म्या आख्ख्या गल्लीत वाटले व्हते!"

देवमनला खोकला आला. असला खोकला टीबीच्या माणसालाही येत नाही. पण पाण्याचा तांब्या घेऊन आली कोण? पंचफुला.

"हो नं, अन् भाऊजीनं माह्यं परत नेलं. रांगोळी पाडाले किती चांगलं व्हतं थे! कमळाची एक पाकळी कमी येत व्हती, म्हून म्या सुईनं भोकं पाडून पुरी केली. चला, दाखवतो, थेच कमळ आजबी आंगनात हातानं काहाडलं हाय."

कोणी उठलं नाही. गोविंदसिंगनं देवमनकडे पाहिलं. देवमन तांब्याकडे पाहत होता. गोविंदसिंगनं चहा मात्र पूर्ण प्यायला, कप विसळून पालथा ठेवला, भागिरथेच्या पाया पडला आणि निघाला. देवमन पायरीपर्यंत मागे गेला. "गोविंदा," म्हणाला. तो वळला नाही.

भागिरथेनं पोराकडून सगळं काढून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "वानोळा आपल्या घरातला देतेत, बाबू. म्या न समजून दुसऱ्याच्या ताटातलं वाटलं. पन तुले तं समजत व्हतं नं?"

सकाळच्या गाडीनं मायलेक अकोल्याला गेले. साहेबांच्या टेबलावर देवमननं खिशातलं ते कार्ड ठेवलं. भागिरथा मध्येच बोलू लागली, "साहेब, चूक माही हाय," तर देवमननं तिला थांबवलं, म्हणाला, "नाही साहेब. आईनं कार्डं वाटली, वहिनीनं भोकं पाडली. पण मी पेटी घरी नेली आणि नंतर गप्प बसलो." साहेबांनी कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. गोल भोकं बराच वेळ पाहिली.

गोविंदसिंगला परत बोलावलं, आणि पुढे त्याच मशीनवर बसवलं. देवमनला मशीनच्या खोलीतून काढून कोऱ्या कार्डांच्या गोदामात टाकलं. खिशातलं पेन गेलं, बेलबॉटम आखूड झाली. दोघं एकाच कचेरीत, पण गोविंदसिंगनं खोली बदलली. गोदामात कार्डं न्यायला आला तर कामाचं बोलतो, जास्त नाही.

कैऱ्या मात्र येतात. दर उन्हाळ्यात मंगरूळपीरकडून येणाऱ्या गाडीतून पिशवी येते आणि भागिरथा त्यांचं लोणचं घालते. पहिल्या वर्षी देवमन स्वतः स्टँडवर गेला होता, मी पानठेल्यावरून पाहिलं. त्यानं हात पुढे केला, तर कंडक्टरनं पिशवी मागे ओढली.

"भागिरथामाय कोन?"

"मी तिचा मुलगा."

"तिच्याच हातात द्या म्हनलं हाय देनाऱ्यानं."

गाडी थांबवून ठेवली. देवमन घरी पळाला आणि म्हातारीला उन्हातून घेऊन आला. तिनं पदरात पिशवी घेतली, आत पाहिलं आणि विचारलं, "देवमनसाठी काई निरोप?"

"नाई बा."

पिशवी जड होती, म्हणून ती देवमननं उचलली. म्हातारी पुढे, तो मागे, घरापर्यंत.