नाताळाआधीचा

स्लाविंकाचा स्वभावच घोर लावून घेण्याचा. सुबोटिकातल्या एक्स-रे केंद्राचा सगळा संगणकी साठा आणि त्याच्या वेळोवेळी घेतलेल्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, तिच्या ताब्यात. बावीस वर्षांत एक चित्र हरवलं नाही, तरी सुट्टीलाही बाईंचा कान फोनकडे. नऊ जानेवारीला, म्हणजे घरच्या संताच्या सणालाही, तेच. शिजवलेल्या गव्हाचं ताट घेऊन ती पाहुण्यांसमोर उभी, आणि फोन वाजलाच.

केंद्रात तिचा कामातला जोडीदार बोल्डिझार होता. "स्लाविंका, सकाळचा स्नॅपशॉट जागा संपून अर्ध्यातच मोडला. त्यापायी मूळ साठाही बिघडला. जुने दोनच स्नॅपशॉट धड आहेत. एक उडवला तरच दुसऱ्यावरून साठा परत उभा करायला जागा होईल. कुठला ठेवू?"

"नाताळाआधीचा ठेव, दुसरा उडव!" पाद्रीबाबा जिना चढत होते. तिने फोन ठेवून दिला.

सणाचा पाव कापून झाला, सूप वाढायला घेतलं. आत्या म्हणाली, "शेजारच्या मॅग्दाने नाताळाचं झाड कधीच आवरलं. ह्या कॅथलिकांचं सगळं डिसेंबरातच उरकतं बाई!"

स्लाविंकाची पळी हवेतच राहिली. बोल्डिझार हंगेरियन, कॅथलिक; त्याचा नाताळ पंचवीस डिसेंबरला. ती ऑर्थोडॉक्स; तिचा सात जानेवारीला. दोन स्नॅपशॉटांपैकी एक चोवीस डिसेंबरचा, दुसरा सहा जानेवारीचा, सणासाठी केंद्र बंद होतानाचा. तिच्या नाताळाआधीचा सहाचा. आणि त्याच्या? चोवीसचा! त्याने तोच ठेवला असेल, तर मधले तेरा दिवस गेले! न्यूमोनियाच्या साथीत रोज साठ जणांच्या छात्यांचे एक्स-रे, प्लास्टरखाली गेलेली हाडं. ती आता कुठून आणायची?

तिने फोन लावला, पुन्हा लावला. यंत्रांच्या खोलीत तो लागतच नाही.

"अगं, पाहुणे!" आत्या ओरडली, तोवर ही एप्रनसकट रस्त्यावर. बर्फावरून दोनदा घसरली.

बोल्डिझार पडद्यासमोर शांत बसला होता. साठा परत उभा राहत होता.

"कुठला उडवलास?"

"चोवीसचा."

तिने एप्रन सोडून खुर्ची ओढली. "तुला कसं कळलं, मी कुठला नाताळ म्हणाले ते?"

"बावीस वर्षं चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी तू कामावर कोणाला ठेवतेस?" तो हसला नाही. "माझा सण तुझ्या कधी लक्षातच आला नाही, स्लाविंका. मग नाताळ म्हणजे तुझाच असणार ना?"

चोवीसचा तो स्नॅपशॉटही त्यानेच घेतला होता.