ट्रंककॉल काकूंचा शनिवार

ट्रंककॉल काकू एका वेळी दोन कामं करत नसत. त्या भाजी चिरत असताना कुणी काही सांगायला गेलं, तर विळी मिटून बाजूला ठेवायच्या, हात पुसायच्या आणि मग म्हणायच्या, "हां, बोल गो." गॅसवर चहा असला तर गॅस बंद. समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत तो पुन्हा पेटायचा नाही. नवखा माणूस यामुळे बावचळायचा. आपण एवढंच सांगायला गेलेलो असायचो की उद्या नळाला पाणी येणार नाही, आणि काकू आपल्या तोंडाकडे अशा बघायच्या, जणू आपण कोर्टात साक्ष देतोय.

हे नाव त्यांना आमच्या गल्लीनंच दिलं होतं. रत्नागिरीच्या टेलिफोन ऑफिसात त्या ऑपरेटर होत्या, तेव्हा मुंबईला बोलायचं तर ट्रंककॉल लावावा लागे. मुंबईत नवरा, मुंबईत मुलगा, अशी आमच्याकडे घरटी एक बाई असतेच. या बायका ऑफिसच्या बाकावर बसून राहायच्या आणि काकू कानाला हेडफोन लावून त्यांची माणसं शोधून द्यायच्या. "एका वेळी एकच लाइन," असं त्या म्हणायच्या. "दुसरीत लक्ष गेलं की दोन्ही घरांची चुकामूक." नोकरी संपली, ट्रंककॉल संपले, पण काकूंच्या कानाला लागलेली ती शिस्त काही सुटली नाही.

चिपळूणला दिलेल्या त्यांच्या लेकीनं, सुनंदानं, त्यांना नवा फोन घेऊन दिला. त्यावर रोज सकाळी फुलं आणि सुविचार येऊन पडायला लागले. काकू वैतागल्या. "या फुलांनी कुणाची सुधारणा झाल्येय ती मला दाखवा," म्हणाल्या, आणि ओळखीच्या माणसांचा एक ग्रुप करून त्यांनी दर शनिवारी सकाळी स्वतःच बोलायला सुरुवात केली. एकच निरोप. त्यात आठवड्यासाठी एक वाचायचं, एक ऐकायचं, आणि लक्ष कसं लावायचं याबद्दल दोन वाक्यं. त्यांच्या आवाजामागे कधी कावळा ओरडायचा, कधी भंगारवाला.

त्यांचं सांगणं कधी मोठं नसायचं. "घरात एखादं पुस्तक अर्धवट पडलेलं असेल. नवीन आणू नका. जिथे सोडलंत तिथूनच धरा, मागचं आठवत नसलं तरी." किंवा, "या आठवड्यात एक गाणं ऐका, पण ऐकताना सुपारीसुद्धा कातरायची नाही." पालीचा एक दुकानदार त्या ग्रुपमध्ये होता. त्यानं विचारलं, "काकू, समोर गिऱ्हाईक असताना ऐकू कसं?" काकूंचं उत्तर आलं, "मग गिऱ्हाईकाचंच ऐक. तेही कुणी ऐकत नाही हल्ली." देवरूखचे एक डॉक्टर स्वतःला सुधारायची लांबलचक योजना आखून त्यांना पाठवायचे. त्यांना काकू म्हणाल्या, "जरा बेतानं डॉक्टर. भांडं रोज घासावं, पण भोक पडेपर्यंत नाही."

मी त्या ग्रुपमध्ये होते, पण माझं ऐकणं वरवरचं असायचं. माझा नवरा महेश मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होता. वर्षातला बराचसा काळ समुद्रावर आणि मे महिन्याच्या आसपास घरी. मुलगा शिकायला पुण्यात. एकटीनं घर चालवायची मला सवय होती. मग एका दुपारी कंपनीचा फोन आला. महेश कुठल्याशा परक्या बंदरात, बोटीवरच, छातीत कळ येऊन गेला होता.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. त्याला आणलं, दिवस झाले, पाहुणे गेले, मुलगा परत पुण्याला गेला. आणि घर अगदी पूर्वीसारखंच दिसायला लागलं, हेच मला कुणाला सांगता येईना. तो घरात नसणं ही आमच्याकडची नेहमीची गोष्ट होती. त्याची खुर्ची रिकामी, त्याची बाजू रिकामी, हे सगळं आधीपासूनच तसं होतं. दुःख करायचं तर सुरुवात कुठून करायची ते मला कळत नव्हतं. मी ऑफिसला जायचे, बांगडे साफ करायचे, कपडे वाळत घालायचे. लोक म्हणायचे, "धीराची आहे." धीर वगैरे काही नव्हता. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो पण कळत नाही, तशी मी सगळीच झाले होते.

काकू त्या दिवसांत येऊन नुसत्या बसून जात. मग एका संध्याकाळी आल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे एक काम आहे. माझे कान गेले."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"उजवा गेल्या वर्षीच गेला. डावाही आता जातोय. मी तोंडाकडे बघून ओळखत्ये, म्हणून कुणाला कळलं नाही."

"पण काकू, दर शनिवारी तुम्ही..."

"जुनं ऐकलेलं सांगत होत्ये. आता तो साठा संपत आलाय."

डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं होतं. ते त्यांनी पर्समधून काढून दाखवलं आणि परत ठेवून दिलं. "हे लावलं की पंखा, कावळा, एसटीचा हॉर्न आणि माणूस, सगळे एकाच पट्टीत ओरडतात. यात ऐकायचं कुणाला?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू ऐक आणि मला सांग. दर शुक्रवारी येत जाईन."

मी त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हटलं, "काकू, मला हल्ली कशानं काहीच वाटत नाही. गाणं लागलं काय, मिक्सर लागला काय, सारखंच."

"उत्तम," त्या म्हणाल्या. "ज्यांना फार वाटतं ते ऐकत नाहीत. स्वतःचंच सांगत सुटतात. तू फक्त काय ऐकू आलं ते सांग."

असे आमचे शुक्रवार सुरू झाले. ऑफिसातून आल्यावर मी इअरफोन लावून बसायचे आणि काकू समोर. कधी एखादं जुनं गाणं, कधी कुणाचं भाषण, कधी कीर्तनाचं रेकॉर्डिंग. संपलं की मी कोरडेपणानं सांगायचे. "बाई आधी खाकरली. तीच ओळ तिनं बऱ्याचदा घेतली. शेवटी घेताना मध्येच थांबली."

"का थांबली?"

"माहीत नाही."

"दम लागला, विसरली, की मुद्दाम?"

"माहीत नाही काकू."

"मग परत ऐक."

मी परत ऐकायचे. सांगितलं म्हणून. मला त्यात गोडी वाटत होती असं म्हणणं खोटं होईल. पण परत ऐकल्यावर कळायचं, की ती बाई दमानं थांबली नव्हती. तबलजी पुढे गेला होता, त्याला परत आणायला थांबली होती. काकूंना हे सांगितलं की त्या डोळे मिटून मान हलवायच्या, आणि शनिवारी निरोपात म्हणायच्या, "आमच्या गल्लीतल्या एका बाईनं हे ऐकलंय. तुम्हीही ऐका." पुस्तकांचंही तसंच. डोळे चांगले होते तरी एखादं पान त्या मला वाचायला लावायच्या आणि विचारायच्या, "यात काय घडलं ते सांग. छान आहे हे नको सांगू."

असं बरेच महिने चाललं. एका शुक्रवारी एक भाषण ऐकून झालं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मला त्या भाषणातलं काहीच सांगायला सुचेना. मी बोलायला लागले ते भलतंच. कंपनीचा फोन आला त्या दुपारचं. पलीकडच्या माणसानं माझं नाव आधी चुकीचं उच्चारलं, मग दुरुस्त केलं. त्याच्या मागे कुणीतरी हसत होतं. फोन ठेवल्यावर मी दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या, त्यात महेशचा एक शर्ट होता, तो इस्त्रीच्या ढिगात ठेवला. पेटी घरी आली, मी त्याचा चेहरा पाहिला, सगळं झालं. तरी अजूनही कुणी 'महेश कुठे आहे' असं विचारलं तर माझ्या तोंडात आधी 'बोटीवर' येतं. मी कुणाला हे सांगितलं नव्हतं. मुलालाही नाही. काकूंना ऐकू येत नाही म्हणूनच बहुतेक मी एवढं सगळं सांगू शकले. बोलता बोलता मान खाली गेली होती, म्हणजे त्यांना ओठही दिसत नसणार.

मी थांबले. मान वर केली.

"निम्मं कळलं," त्या म्हणाल्या. "निम्मं गेलं. तुझं बोलून झालं ना पण?"

मी मान हलवली. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं नाही. उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवारचा निरोप आला नाही. असं कधी झालं नव्हतं. दुपारपर्यंत ग्रुपवर चौकशा सुरू झाल्या, पालीचा दुकानदार तर गाडी काढून निघायच्या बेतात होता. तेव्हा काकूंनी एवढंच लिहिलं, "तब्येत बरी आहे. माझं या आठवड्याचं ऐकून झालं. तुम्ही तुमचं शोधा."

त्यानंतरही आमचे शुक्रवार चालू राहिले, पण काकू थकत गेल्या. जिन्यावर एकदा पडल्या आणि सुनंदा त्यांना चिपळूणला घेऊन गेली. निघताना त्या गाडीच्या काचेतून माझ्याकडे बघत होत्या. पुढे महिन्याभरातच निमोनिया झाला आणि काकू गेल्या. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येऊन पडली, एकाखाली एक, सगळी सारखी. मी ती बघितली आणि फोन ठेवून दिला. रडू आलं नाही. मला ते अपेक्षितही नव्हतं.

दिवसांना मी चिपळूणला गेले. सुनंदानं मला आतल्या खोलीत नेलं आणि म्हणाली, "एक विचारू? शेवटी आईला काहीच ऐकू येत नव्हतं. मग ती दर शुक्रवारी तुमच्याकडे येऊन करायची काय?"

मी सांगायचा प्रयत्न केला. गाणं, भाषण, बाईचं थांबणं. सुनंदाला ते विचित्र वाटलं असावं. ती म्हणाली, "इथे आल्यावर शुक्रवार आला की म्हणायची, आज ती एकटीच बसली असेल."

परतीची एसटी संगमेश्वरला थांबली. लोक पाय मोकळे करायला उतरले. कॅन्टीनमध्ये बटाटेवडे तळत होते आणि तो वास खिडकीतून आत आला. मला भूक लागली. महेश गेल्यापासून मी वेळ झाली की जेवत होते, पण भूक अशी लागलेली आठवत नव्हती. मी उतरले, वडा घेतला आणि उभ्यानंच खाल्ला. जीभ भाजली. तिखट डोळ्यांपर्यंत गेलं, आणि डोळ्यांतलं पाणी थांबेना. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं आपली पाण्याची बाटली पुढे केली. "मिरची लागली का हो?"

मी तिला हो म्हटलं. हे रडू कुणासाठी आहे, महेशसाठी की काकूंसाठी, ते माझं मलाच सांगता आलं नसतं. कंडक्टरनं घंटी दिली. मी दुसरा वडा कागदात बांधून घेतला आणि गाडीत चढले.