गाडी डायरेक्ट आहे

वाल्मीककाका बोराडे फ्यूज घेऊन परत आले, तेव्हा ट्रक जागेवर नव्हता.

आडगावच्या ट्रक टर्मिनलबाहेर, त्यांच्या गाड्यांच्या वायरिंगच्या पत्र्याच्या शेडसमोर नुसतं ऊन पडलं होतं. जमिनीवर ऑइलचा ताजा डाग होता. कांद्याची दोन-चार सालं वाऱ्यावर सरकत होती. पक्कड आणि टेस्टर शेडच्या उंबऱ्यावर नीट मांडून ठेवले होते. धनराजनेच ठेवले असणार. पोरगा व्यवस्थित होता.



ट्रक दोन हजार सहा सालचा. मालक आणि ड्रायव्हर एकच, नामपूरचा धनराज. दोन दिवस गाडी काकांकडे होती. जुन्या वायरी पापडासारख्या मोडत होत्या. काकांनी सगळा जुडगा उपसला आणि नवा घातला. पिवळे दिवे जाऊन पांढरे आले. मागे कॅमेरा आला. मोबाईलसाठी चोवीस व्होल्टचे बारा करणारा कन्व्हर्टर आला. ड्रायव्हरच्या सीटशेजारी बॅटरी तोडायचा मोठा खटका आला. तो धनराजला नको होता. काकांनी ऐकलं नाही. "धूर दिसला की आधी हा फिरवायचा, मग पाणी शोधायचं," असं त्यांनी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

केबिनमधल्या मागच्या बाकावर दोन पंखे बसवले. ते धनराजच्या आईसाठी. भागीबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, वाशीला, मुलीकडे. एसटीत त्यांना उलट्या होत. ट्रकमध्ये होत नसत.

तिसऱ्या दिवशी धनराज लासलगावहून कांदा भरून, आईला बाकावर झोपवून आला. पंखे आणि कन्व्हर्टर एकाच वायरीवर होते. त्या वायरीला पंधरा अँपिअरचा फ्यूज हवा. डब्यात नेमका पंधराचा नव्हता. पंखे फिरतात का बघायला काकांनी तांब्याची तार पिळून फ्यूजच्या जागी अडकवली. गॅरेजच्या भाषेत याला गाडी डायरेक्ट करणं म्हणतात. फ्यूज जळतो आणि गाडी वाचवतो. तार जळत नाही.

पंखे फिरले.

"गार वाटतंय रे बाबा," भागीबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

काकांनी स्टिअरिंगला लाल चिंधी बांधली आणि ते टर्मिनलच्या आतल्या दुकानात गेले. दुकानदार जेवत होता. काका थांबले. वीस मिनिटं गेली.

ती चिंधी हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम होता. बावीस वर्षांपूर्वी एक जळालेली केबिन टोचन करून टर्मिनलवर आणली होती. आग कशाने लागली ते बघायला काकांना बोलावलं. काम दुसऱ्याचं होतं. फ्यूजच्या जागी खिळा होता. ड्रायव्हरची चप्पल ब्रेकला वितळून चिकटली होती. काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोचा, झुंबरबाईंचा, जुना लाल परकर मागून घेतला आणि फाडला. गाडी डायरेक्ट असली की स्टिअरिंगला लाल. फ्यूज बसल्यावरच चिंधी सुटायची. एवढ्या वर्षांत एकही गाडी चिंधीसकट गेली नव्हती.

"गेला तो," शेजारचा पंक्चरवाला सोमनाथ म्हणाला. "पंखे मस्त चाललेत म्हणाला. काकांना सांग म्हणाला."

"किती वेळ झाला?"

"तुम्ही गेलात आणि तो गेला. का हो? काय राहिलं?"

काकांनी मूठ उघडून निळा फ्यूज दाखवला. सोमनाथला काही कळलं नाही. काकांना मात्र आणखी एक गोष्ट आठवली. बाकाखालच्या पत्र्याला भोक पाडून त्यांनी वायर काढली होती. त्या भोकाला रबर लावायचं राहिलं होतं. उघडी धार, हलणारी वायर, वर फोमची गादी. आणि गादीवर म्हातारी.

त्यांनी फोन लावला. धनराजने लगेच उचलला.

"कुठं आहेस?"

"द्वारका सर्कल ओलांडलं काका. पंखे एक नंबर. आई झोपली."

"नीट ऐक. गाडी डायरेक्ट आहे."

"हा काका, डायरेक्टच. वाशीशिवाय कुठं थांबत नाय."

"अरे तसं नाही, डायरेक्ट म्हणजे..."

ट्रकच्या घरघरीत आवाज तुटला. पुन्हा लावला तर नुसतीच रिंग गेली.

काकांनी स्कूटर काढली. डिक्कीत पक्कड, टेप, वायरीचं भेंडोळं होतं. फ्यूज खिशात ठेवायचा त्यांना धीर झाला नाही. तो मुठीत धरूनच त्यांनी हँडल पकडलं.

उड्डाणपुलावर गरम वारा तोंडावर येत होता. भरलेला ट्रक, चढ, चाळीसचा वेग. काका मनात हिशेब मांडत होते आणि तो मध्येच सुटत होता. वायर किती वेळात घासेल? रस्ता चांगला असेल तर नाशिक-मुंबई दहा वेळा होईल, तरी काही होणार नाही. खड्डे लागले तर पहिल्याच खड्ड्यात. पाथर्डी फाट्यावर त्यांनी फोन लावला. रिंग गेली. विल्होळीला लावला. फोन बंद.

स्कूटर त्यांनी आपोआप बाजूला घेतली.

धनराजच्या फोनची बॅटरी गेलेली, तो चार्जरवरच चालायचा. त्यांनीच बसवलेल्या. चार्जरवरचा फोन बंद कसा पडेल? चार्जर मेला तरच. आणि चार्जर मेला म्हणजे पंख्यांची ती वायर पत्र्याला टेकली, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं.

तिथून पुढे त्यांना सगळीकडे धूर दिसायला लागला. वीटभट्टीचा. शेताच्या बांधावर कोणी पालापाचोळा पेटवला होता, त्याचा. एका टेम्पोचा काळा धूर पाहून ते चक्क ओरडले. ऐकायला कोणी नव्हतं.

वाडीवऱ्ह्याच्या अलीकडे ट्रक दिसला. रस्त्याच्या कडेला, दोन्ही दारं उघडी. धूर नव्हता. माणसंही दिसत नव्हती. काकांनी स्कूटर स्टँडला लावली, ती आडवी झाली. ते वळलेही नाहीत. केबिनजवळ गेले तसा तो वास आला. बावीस वर्षांपूर्वीचा. 

"काका, इकडं."

ट्रकच्या पलीकडच्या सावलीत बाभळीखाली मायलेक बसले होते. धनराजचे हात काळे झाले होते. भागीबाईंच्या पदराचं टोक जळून आखडलं होतं. बाकी सगळं ठीक होतं. काका त्यांच्यासमोर मातीत बसले.

"फोन पहिला मेला," धनराज म्हणाला. "मला वाटलं पिन हलली. मग आई उठली. म्हणे, काहीतरी जळी राहिनं. मी म्हणलं, पुढच्या गाडीचे ब्रेक असतील. तर म्हणे, तुझ्या बापाची गाडी पुढं हाय का, थांबव."

"खटका?"

"फिरवला. आधी खटका, मग पाणी."

काकांनी मान हलवली. 

"चिंधी दिसली नाही तुला? लाल?"

"दिसली की. वाटलं, वणीच्या देवीचं कापड बांधलं तुम्ही. नव्या कामाचं. पाया पडलो आन् स्टार्टर मारला."

भागीबाईंनी मनगट पुढे केलं. चिंधी तिथे बांधलेली होती. "तिनंच वाचवलं बाबा. मी हिला सोडत नाय आता."

काका गप्प राहू शकले असते. नुसतं हो म्हटलं असतं तरी विषय मिटला असता. पण त्यांना त्या मनगटाकडे बघवेना.

"आई, ते देवीचं नाही. माझं आहे. गाडी चालवू नका म्हणून बांधलं होतं. तार मी घातली होती. रबर मी विसरलो. किल्लीही गाडीलाच ठेवून गेलो." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि ते आमच्या घरातल्या जुन्या परकराचं आहे."

 एक कंटेनर गेला, जमीन हादरली.

"म्हंजे," भागीबाई म्हणाल्या, "आम्ही मायलेक तुझ्या बायकोच्या परकराच्या पाया पडलो."

धनराजला हसू फुटलं. ते थांबेचना. काका हसले नाहीत. ते उठून केबिनमध्ये चढले.

गादीला भाकरीएवढं भोक पडलं होतं. म्हातारीचं डोकं तिथून वीतभर लांब असणार. त्यांनी जळकी वायर कापली. नवी जोडली. स्कूटरच्या डिक्कीतल्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून भोकाला रबर लावलं. फ्यूज बसवताना तो दोनदा हातातून खाली पडला.

"द्या इकडं, मी दाबतो," धनराज म्हणाला.

"नको. मीच."

तिसऱ्यांदा बसला. तळहातावर फ्यूजचा चौकोनी वण उठला होता.

पंखे फिरले. भागीबाई पायरीवर पाय ठेवून थांबल्या. "झोपू का रे?"

काकांनी हात आडवा धरला. "पाच मिनिटं," म्हणाले. पाच मिनिटं सगळे उन्हात उभे राहून पंख्यांकडे बघत राहिले. मग त्या चढल्या.

"ती चिंधी तेवढी द्या," काका खिडकीशी आले.

"राहू दे की. परकर तर परकर."

"नको आई. गाडीत ती असली, तर रात्रभर मला वाटत राहील गाडी डायरेक्टच आहे."

भागीबाईंनी दातांनी गाठ सोडली आणि चिंधी खाली टाकली.

ट्रक निघाला. काकांनी स्कूटर उभी केली आणि परत न फिरता ते मागोमाग निघाले. घोटीच्या टोलपर्यंत ते ट्रकच्या मागे राहिले. मागे बसवलेल्या नव्या कॅमेऱ्याकडे बघत, दर थोड्या वेळाने नाकाने वास घेत. टोलपुढे ट्रक दिसेनासा झाला.

काकांनी खिसा चाचपला. चिंधी होती. मग पुन्हा चाचपला.