हात हलवायचे नाहीत

अमेरिकेतल्या आमच्या टोलेडो शहराच्या गल्लीतली वर्नेटा म्हणजे भलती खमकी बाई. शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची, नवऱ्यामागे एकटीने मुलाला वाढवलं. लिंडेल जन्मापासून बहिरा. मायलेकांचं सगळं बोलणं हातांनी, भांडणसुद्धा! मासे तळता तळता ती त्याला रागवायची, आणि पीठ पार माझ्या तोंडावर उडायचं.

तो गाडी शिकला, तेव्हा आम्ही काळी माणसं आपल्या पोरांना जे शिकवतो तेच तिनेही शिकवलं. पोलिसाने अडवलं की दोन्ही हात स्टीअरिंगवर. हलायचं नाही. सोफ्याची गाडी करायची, हातातला डाव पिस्तुलासारखा रोखून स्वतःच पोलीस व्हायची. त्याने काही सांगायला बोट उचललं, की बसलाच फटका.

"अगं, ऐकू येत नाही एवढं तरी खुणेनं सांगू दे त्याला," मी म्हणाले.

"काळा हात हलला की गोरा पोलीस विचारत बसतो होय? उगाच शहाणपणा शिकवू नकोस. मुकाट बसला तर जिवंत घरी येईल माझा."

माझ्या पोरांनाही मी हेच शिकवलं होतं.

पुढे एकदा भर दुपारी, गाडीचा मागचा दिवा फुटलाय म्हणून लिंडेलला अडवलं. पोलीस मागूनच ओरडला, "खाली उतर!" लिंडेलला काय कळणार? तो समोर बघत, हात स्टीअरिंगवर ठेवून बसून राहिला. पोलीस पुन्हा ओरडला. पोरगा माजलाय, असं वाटलं त्या मेल्याला. फरफटत ओढून पालथा पाडला, उजवा हात पिरगाळून मोडला आणि मागे बेड्या घातल्या. आता सांगणार तरी कशाने?

हुकूम मानला नाही, असं त्या पोलीससाहेबांनी लिहून दिलं. नोकरी शाबूत.

डॉक्टर म्हणाले, उजवी बोटं पहिल्यासारखी वळायची नाहीत. दवाखान्याच्या व्हरांड्यात वर्नेटा माझ्या गळ्यात पडली. "मीच गं, मीच त्याची जीभ बांधली!" किती समजावलं, ऐकेचना. शेवटी डोळे पुसून आत गेली.

लिंडेल जागा होता. आईला बघून त्याने डावा हात कसाबसा उचलला आणि एकेक खूण करत सांगितलं, 'आई, मी अजिबात हललो नाही.'

शाबासकीसाठी तो तिच्या हातांकडे बघत होता.