नेवाशाजवळच्या विहिरीतली लांबोडकी कवटी

“साहेब, हे डोकं परग्रहावरचं हाय, एवढं लिहून द्या. बाकी आमी बघतो,” सरपंच म्हणाले. कवटी माझ्यासमोर टेबलावर होती. ग्रामपंचायतीच्या दारावर फ्लेक्स आधीच लागला होता आणि त्यावर हिरवा, मोठ्या डोळ्यांचा पाहुणा छापला होता.

जुनी हाडं मोजणं ही माझी नोकरी. नेवाशाच्या अलीकडे एका गावात भामाबाईंच्या विहिरीचं खोदकाम चालू होतं. सहा फुटांवर ही कवटी लागली आणि काम थांबलं. पोलिसांनी पाहिलं, जुनी आहे म्हणाले आणि आमच्या संस्थेला कळवलं. आम्ही अहवाल देईपर्यंत खोदकाम बंद. एप्रिल चालू होता. भामाबाईंची मोसंबीची दोनशे चाळीस झाडं टँकरवर तगून होती.

कवटी खरोखरच लांब होती. आमच्याकडे त्याचं साधं गणित असतं. डोक्याची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर. कॅलिपरने, म्हणजे वाकड्या पायांच्या मोठ्या कंपासासारख्या साधनाने, मी तीनदा मोजलं. रुंदी तेरा सेंटिमीटर, लांबी एकोणीस पूर्णांक एक. उत्तर अडुसष्ट. फार कमी.

माझ्याबरोबर आलेल्या आमच्या सरांना अडुसष्ट फार आवडलं. पेरूपासून मध्य आशियापर्यंत अनेक प्राचीन समाजांत तान्ह्या बाळाचं डोकं फळ्यांनी किंवा पट्ट्यांनी बांधून मुद्दाम लांब करत. पहिल्या वर्षात हाडं मऊ असतात, हवी तशी वळतात. लांब डोकं म्हणजे आपल्या कुळाची खूण, कुठे मानाची खूण. तसं डोकं नगर जिल्ह्यात सापडलं तर सरांचा परिषदेतला निबंध गाजणार होता. निबंधाचा निष्कर्ष त्यांनी टाइप करून ठेवला होता. आकडे तेवढे भरायचे होते.

“सर, विहिरीचं काय?”

“कसली विहीर? ती जागा आता संरक्षित होईल.”

“नेहमीपेक्षा वेगळा आकडा म्हणजे मुद्दाम वळवलेलं डोकं, असं धरायचं का?”

“अर्थात.”

मग नेहमीचा आकडा किती, ते बघायला मी गावातली अकरा डोकी मोजली. पुस्तकात तो पंच्याहत्तर ते ऐंशी असतो, ही सगळी पंच्याऐंशीच्या वर. गोल गरगरीत. तुलनेसाठी सरांचंही मोजलं. एकोणनव्वद.

“सर, तुमच्या नियमाने तुमचं डोकंसुद्धा मुद्दाम वळवलेलं निघतं.”

“काहीतरीच! माझ्या डोक्याला कोण हात लावणार?”

दारात भामाबाई उभ्या होत्या. विहिरीची चौकशी करायला त्या रोज येत. चाळीस वर्षं त्या गावातल्या बाळांना न्हाऊमाखू घालतात, हे मला तेव्हा कळलं.

“लावलाय की, साहेब,” त्या म्हणाल्या. “तेल लावून रोज गोल दाबलंय, राईच्या दाण्यांच्या उशीवर निजवलंय. हात चांगला हुता त्या बाईचा. आईला इचारा.”

सरांनी खरंच पुण्याला आईला फोन लावला. फोनवर ते दोनदा “बरं” म्हणाले, एकदा “तीन महिने?” म्हणाले आणि खाली बसले.

भामाबाईंनी कवटी न विचारता उचलली. मी दचकलो. त्यांनी दोन्ही तळवे दोन्ही बाजूंना ठेवले आणि डोळे मिटले.

“हे कुण्या बाईचं काम न्हाई. डावीकडनं बसलंय, उजवीकडनं फुगलंय. दोन्ही हात सारखे पडाया पायजेत. असं डोकं करणारीला दुसऱ्या बाळंतपणाला कोन बोलवील?”

मी पुन्हा कॅलिपर घेतला. मधल्या रेषेपासून डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोजली. अकरा मिलिमीटरचा फरक. बांधून वळवलेलं डोकं दोन्हीकडे सारखं वळतं. वाकडं दाबतं ते मातीचं वजन, पुरल्यानंतर, शतकानुशतकं. हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. पण फॉर्ममध्ये लांबी आणि रुंदी एवढंच विचारलं होतं, म्हणून मी तेवढंच मोजलं होतं. काटेकोर माणसाची चूकही काटेकोर असते.

“म्हंजी परग्रहावरचं न्हाई?” सरपंचांनी विचारलं.

“नाही. तुमच्या-आमच्यासारखाच माणूस. मातीखाली दबलेला.”

“मग फ्लेक्सचं काय करू?”

मी कॅलिपर पुसून पेटीत ठेवला.

अहवाल मी त्याच दिवशी लिहिला. वर जायला त्याला आणखी तीन सह्या लागल्या आणि त्या तीन सह्यांना एकोणीस दिवस लागले. सरांनी निबंधाचा विषय बदलला. राईच्या उशीची जिवंत परंपरा. म्हणे टाळ्या पडल्या. त्यात भामाबाईंचा उल्लेख ‘एक स्थानिक वृद्धा’ असा आहे.

विहिरीला एक्केचाळीस फुटांवर पाणी लागलं. तोवर एकतीस झाडं वाळली होती. मी माफी मागायला गेलो, तर भामाबाई म्हणाल्या, “तुमी मोजलं ते बरं झालं. पन आधी मला इचारलं असतं तर चहाच्या आत झालं असतं.”

ते खरं आहे. चहाला मला बारा मिनिटं लागतात.